कुंपणापलीकडचा विमानतळ

सर्वांदोकाका आमच्या ला लीनिया गावच्या नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी करत. सदतीस वर्षं केल्या. माणूस मेलाय हे तीन प्रतींत सिद्ध झाल्याशिवाय त्यांनी कुणाला मरू दिलं नाही. एकदा एक बाई तान्हं मूल कडेवर घेऊन आली. काकांनी विचारलं, "जन्माचा दाखला?" बाई म्हणाली, "अहो, हे काय, कडेवर आहे की!" काका म्हणाले, "हे मूल झालं. दाखला कुठंय?"

आणि असा हा माणूस गावभर छाती पुढं काढून सांगायचा, "मी कागद दाखवत नाही."

कागद म्हणजे सीमेवरचा. आमचं गाव दक्षिणेला जिथं संपतं तिथं कुंपण आहे. कुंपणापलीकडं जिब्राल्टर, म्हणजे इंग्रजांचा खडक, आणि खडकाच्या पायथ्याशी, अगदी कुंपणाला चिकटून, विमानतळ. काकांच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून उतरणाऱ्या विमानाची चाकं मोजता येतात. घराच्या दारातून निघालं की स्पेनचा पोलीस, जिब्राल्टरचा पोलीस, आणि लगेच विमानतळाचं दार. चालत बारा मिनिटं. मी हे छातीठोकपणे सांगते, कारण त्या विमानतळावरच्या कॅफेत मी कॉफी करते आणि रोज जाऊन येऊन हा रस्ता तुडवते. माझ्यासारखं अर्धं गाव सकाळी पायी तिकडं कामाला जातं आणि संध्याकाळी परत येतं. उरलेल्या अर्ध्या गावात काका.

एकोणीसशे एकोणसत्तर साली माद्रिदच्या सरकारनं कुंपणातलं फाटक बंद केलं, आणि तेरा वर्षं ते बंद राहिलं. माझी थोरली मावशी अंपारो जिब्राल्टरच्या एका सुताराशी लग्न करून तिकडं अडकली. माझी आई आणि विसीमावशी (काकांची बायको) दर रविवारी कुंपणाशी जाऊन तिच्याशी ओरडून बोलायच्या. कुणाला मूल झालं, कुणाचे दात पडले, सगळं ओरडून. वारा उलटा असला की पलीकडून नुसते हात दिसायचे. ब्याऐंशीच्या डिसेंबरात फाटक पायी जाणाऱ्यांसाठी उघडलं तेव्हा गाव लोटलं. काकाही नवा कोट घालून गेले, आणि पंधरा मिनिटांत परत आले. सरळ हेरोनिमोच्या बारमध्ये शिरून म्हणाले, "ज्या जमिनीवर माझ्या आज्याच्या शेळ्या चरल्या, तिथं पाऊल ठेवायला मी कागद दाखवू? मरेन, पण दाखवणार नाही."

बारमध्ये टाळ्या पडल्या. कुणीतरी वाइन पाजली. माणसाला एकदा टाळ्या मिळाल्या की तो फसलाच. त्या दिवसापासून काकांनी कुंपण ओलांडलं नाही. विमानतळाला ते विमानतळ म्हणत नसत. "ती पट्टी" म्हणत. पट्टीची जमीन इंग्रजांना कुठल्याच तहात दिलेली नाही, सबब तिथं विमान उतरतच नाही, असा त्यांचा कायदेशीर मुद्दा होता. बाल्कनीत बसलेलं असताना डोक्यावरून विमान घरघरत गेलं तरी ते बोलणं न थांबवता आवाज चढवत.

तत्त्व काकांचं, पण ओझी मावशीच्या हातात. मुलगी अरासेली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला नर्स म्हणून गेली. तिला भेटायला जायचं म्हणजे पहाटे उठायचं, बसनं मालागा गाठायचं, तीन तास बसमध्ये, दोन तास रांगेत. मावशीचा गुडघा त्यातच गेला. अंपारोमावशी वारली तेव्हा काका पुष्पचक्र घेऊन फाटकापर्यंत आले, रिबिनीवरचं आपलं नाव नीट दिसतंय ना ते पाहिलं, आणि पुष्पचक्र मावशीच्या गळ्यात अडकवून घरी गेले. दोन्ही हातांत फुलं आणि गळ्यात चक्र अशी मावशी एकटी पलीकडं गेली होती.

तंबाखूचं मात्र निराळं. तिकडची सिगारेट स्वस्त आणि चांगली. दर शनिवारी मी काकांना एक खोकं आणून द्यायची. एकदा मी विचारलं, "काका, ही पट्टीवरनंच येते बरं का." काका धूर सोडत म्हणाले, "चेलो, वस्तू आणि भूमी यांत फरक असतो. तू शिकली नाहीस म्हणून तुला कळत नाही."

दोन हजार चौदाच्या ऑक्टोबरात अरासेलीचं लग्न ठरलं. तिनं घरी फोन केला तेव्हा मी तिथंच होते. तिनं आईला, बापाला आणि मला अशी तीन तिकिटं काढली होती. जिब्राल्टरहून.

"रद्द कर," काका म्हणाले.

"होत नाहीत," अरासेली म्हणाली.

"मग मी मालागाहून येतो."

"या की. आई आणि चेलो बारा मिनिटं चालून येतील. तुम्ही पहाटेची बस धरा. चर्चमध्ये माझा हात धरायला तुम्ही वेळेवर नसलात तर नवऱ्याचा काका धरेल. तो बिचारा कुठल्याही रस्त्यानं येतो."

काकांनी फोन मावशीकडं दिला. मावशी म्हणाली, "मी चालत जाणार," आणि ठेवून दिला. इतकं कमी बोलणं त्या घरात मी पहिल्यांदा ऐकलं.

चार दिवस तसेच गेले. पाचव्या दिवशी त्यांनी कपाटातून टाइपरायटर काढला. दुपारभर टकटक चालली. संध्याकाळी त्यांनी मला बोलावून कागद वाचून दाखवला. "खाली सही करणारा, सर्वांदो गाविरा बेनितेस, या तथाकथित सीमेला सीमा मानत नाही. तो ती केवळ कौटुंबिक कारणास्तव, तात्पुरती, निषेध नोंदवून आणि कोणताही हक्क न सोडता, पायी ओलांडत आहे." खाली सही, तारीख, आणि नगरपालिकेतून निवृत्त होताना घरी आणलेला एक गोल शिक्का.

"हा शिक्का तर मृत्यूनोंदणीचा आहे," मी म्हटलं.

"शिक्का तो शिक्का," काका म्हणाले. तीन प्रती होत्या. एक स्पेनच्या पोलिसाला, एक जिब्राल्टरच्या, आणि एक इतिहासाला.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी साडेसातला आम्ही निघालो. काकांनी गळ्याला टाय बांधला होता. मावशीच्या चाकांच्या बॅगेत व्याह्यांसाठी अख्खं हॅम होतं, त्यामुळं बॅग एका अंगावर चालत होती. ही वेळ कामाला जाणाऱ्यांची. सायकली, स्कूटर, सफाईवाल्या बाया, गवंडी, सगळी फाटकाकडं. काकांना वाटत होतं की आपल्याला कुणी ओळखू नये. गावात ज्याचा जन्म यांनी लिहिला नाही असा माणूस मला दाखवा.

"अगंबाई! सर्वांदोसाहेब?" बिबियाना ओरडली. ती तिकडं हॉटेलात चादरी बदलते. "खडक घ्यायला निघालात की काय? मग आम्हाला कळवायचं तरी, झेंडा शिवला असता."

"मुलीचं लग्न आहे," काका पुढं बघत म्हणाले.

"कळलं हो. पण मुलगी खडकावर नाही ना देत?"

मागून एक गवंडी सायकलवरून म्हणाला, "साहेब, पहिल्यांदा जाताय, जपून चाला. तिकडं इंग्रज चावतात."

मावशी हसली. काकांनी तिच्याकडं पाहिलं तेव्हा तिनं हसणं थांबवलं नाही.

स्पेनच्या चौकीत पोलीस भिंतीला टेकून टोस्ट खात होता. काकांनी एका हातात ओळखपत्र आणि दुसऱ्या हातात निषेधाची प्रत धरली, खाकरले, आणि उभे राहिले. पोलिसानं टोस्टच्या हातानंच पुढं जाण्याची खूण केली.

"मला एक निवेदन द्यायचंय," काका म्हणाले.

"कसलं?"

"या सीमेबद्दल."

"बाबा, या सीमेबद्दल मला काहीही विचारू नका. मी पार उत्तरेतला, वायादोलिदचा आहे. पुढं सरका, मागं रांग लागलीय."

प्रत क्रमांक एक काकांच्या हातातच राहिली. वीस पावलांवर जिब्राल्टरचा पोलीस. डोक्यावर इंग्रजी टोपी, आणि बोलणं इतकं आमच्याकडचं की डोळे मिटले तर वाटावं मासळीबाजारातला कुणीतरी बोलतोय. माझ्याकडं बघून तो म्हणाला, "काय चेलो, आज सुट्टी ना तुझी?" मावशीकडं मान हलवली. काकांनी ओळखपत्र त्याच्या डोळ्यांसमोर नेऊन धरलं. बत्तीस वर्षं न दाखवलेला कागद.

पोलीस तिसरीकडंच बघत म्हणाला, "चला, चला."

"तुम्ही पाहिलं नाहीत."

"पाहिलं की."

"नाव काय माझं?"

पोलिसानं आता पाहिलं. "सर्वांदो. फोटो बरा आलाय. चला काका."

"हे घ्या," म्हणून काकांनी निषेध पुढं केला. पोलिसानं वरच्या दोन ओळी वाचल्या, शिक्का पाहिला आणि दचकून विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही! हा निषेध आहे."

"अस्सं. मग तो इथं नाही, त्या पेटीत." त्यानं कोपऱ्याकडं बोट दाखवलं. काकांनी कागद चार घड्या घालून गंभीरपणे पेटीत टाकला आणि क्षणभर ताठ उभे राहिले. ती पेटी म्हाताऱ्या कुत्र्यांच्या आश्रमासाठी देणगीची होती. मी सांगितलं नाही. मावशीनंही वाचलं होतं, तीही बोलली नाही.

अशा रीतीनं सर्वांदोकाकांनी सीमा ओलांडली. कुणी हटकलं नाही, कुणी अपमान केला नाही, आणि मला वाटतं त्यांना सगळ्यात जास्त तेच झोंबलं. बत्तीस वर्षं ज्या शत्रूसाठी माणूस दाराशी काठी घेऊन बसला, त्या शत्रूला हा बसलाय हे माहीतच नव्हतं.

विमानतळावर सामान देऊन झालं. काका खडकाकडं पाठ करून बसले. मी माझ्या कॅफेतून कॉफी आणली. "यांची कॉफी मी घेत नाही," म्हणाले. पाच मिनिटांनी म्हणाले, "तू केलीस का?" मी केली नव्हती, पण हो म्हटलं. प्यायले, आणि पाणचट आहे म्हणाले.

दहाच्या सुमाराला वारा फिरला. पूर्वेचा वारा, आम्ही लेवांते म्हणतो. खडकावर ढगाची टोपी चढली की आम्हा काम करणाऱ्यांना कळतं की आज काही खरं नाही. इंग्लंडहून येणारं विमान काचेतून दिसलं. पट्टीच्या तोंडाशी आलं, एक पंख वर, एक खाली, आणि तसंच गुरगुरत वर निघून गेलं. दुसऱ्यांदा आलं. दुसऱ्यांदा गेलं. बायका छातीवर क्रूस काढत होत्या. थोड्या वेळानं घोषणा झाली. वाऱ्यामुळं विमान मालागाला उतरतंय. प्रवाशांनी सामान परत घ्यावं. मालागाला न्यायला बसगाड्या येतील. मात्र आज सीमेवर गाड्यांची रांग तीन तासांची आहे, म्हणून बसगाड्या ला लीनियात थांबतील आणि प्रवाशांनी तिथवर पायी जावं.

काकांना हे इंग्रजीत कळलं नाही. मी स्पॅनिशमध्ये सांगितलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्या तरुणपणाचा फोटो आठवला.

"मालागा!" ते उठून उभे राहिले. "मी काय म्हणत होतो? मालागा! त्या पट्टीवर विमान उतरतच नाही!"

आम्ही परत निघालो. दीडशे माणसं, बॅगा, लहान मुलं, एक गोल्फच्या काठ्यांचा संच, आणि पुढं टाय उडत असलेले काका, जणू हरलेलं इंग्रज सैन्य त्यांनीच कैद करून आणलंय. जिब्राल्टरचा तोच पोलीस म्हणाला, "काका, इतक्यात?" स्पेनच्या पोलिसाचा टोस्ट संपला होता. हॅमच्या बॅगेचं एक चाक फाटकातच निखळलं. मी आणि मावशीनं ती दोन बाजूंनी उचलली. काका पुढं होते. हेरोनिमोच्या बारसमोर बसगाड्या उभ्या होत्या आणि बारमधली मंडळी ग्लास घेऊन दारात आली होती.

"सर्वांदो, इंग्लंड कसं होतं?" हेरोनिमोनं विचारलं.

"निषेध लेखी दिला," काका म्हणाले. "त्यांनी विमान हलवलं."

मी हे माझ्या कानांनी ऐकलंय.

बसमध्ये काका थांबेनात. मालागा कसं खरं शहर आहे, तिथला विमानतळ कसा स्वतःच्या जमिनीवर आहे, मुलीनं बापाचं ऐकलं असतं तर आपण आता आरामात बसलो असतो. पुढच्या सीटवरच्या अनोळखी लोकांनाही सांगितलं. आमच्या भागातली बरीच मंडळी होती, काही जण माना डोलवत होते. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हणजे ब्याऐंशीला फाटकावरनं परत आलेले ते तुम्हीच?"

"मीच," काका म्हणाले. "तत्त्वासाठी."

मावशी खिडकीशी बसली होती, गुडघ्यावर ओला रुमाल ठेवून. ती सीटला धरून उभी राहिली. मला वाटलं पाणी हवंय.

"तत्त्वासाठी नाही," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. कुंपणाशी तेरा वर्षं ओरडून बोललेल्या बाईचा आवाज, सगळ्या बसला गेला. "ह्याचं ओळखपत्र जुन्या कोटात राहिलं होतं. नवा कोट मिरवायचा होता ना. फाटकावर कागद मागितला तो इंग्रजांनी नाही, आपल्याच पोलिसानं. हा खिसे चाचपत राहिला. पोलीस म्हणाला, जा, घेऊन या. घर बारा मिनिटांवर. हा घेऊन येण्याऐवजी बारमध्ये गेला."



"विसी, बस खाली," काका हळूच म्हणाले.

"बत्तीस वर्षं बसलेच होते. तुझ्या त्या खिशापायी मी अंपारोच्या शवपेटीमागं एकटी चालले, सर्वांदो. लोक विचारत होते, नवरा कुठंय? मी सांगितलं, ताप आलाय. तू तेव्हा बाल्कनीत सिगारेट ओढत होतास. मला कुंपणालगतच्या कबरस्तानातून दिसत होतास."

ती बसली. मघाच्या म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग त्यालाही हसू आवरावं लागलं, कारण दुसरं कुणी हसलं नाही. काकांनी टाय सैल केला. मला त्यांची दया आली. फार नाही, पण आली.

ब्रिस्टलला पोचायला संध्याकाळ झाली. लग्न दुसऱ्या दिवशी, ते व्यवस्थित झालं. काकांनी अरासेलीला वेदीपर्यंत नेलं आणि सगळ्यांदेखत रडले. ते रडणं खरं होतं, त्यावर मी काही बोलणार नाही. जेवताना व्याह्यांनी अरासेलीकरवी विचारलं की प्रवास कुठून केलात. काकांनी एकदा मावशीकडं पाहिलं. मग म्हणाले, "मालागाहून." खोटं नव्हतं. मावशी हॅम कापत होती. तिनं सुरी न थांबवता अरासेलीला सांगितलं, "त्यांना म्हणावं, निघालो पायी."

परत येताना आभाळ स्वच्छ होतं आणि विमान मुकाट पट्टीवर उतरलं. काका खिडकीजवळ होते. चाकं टेकली तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते की झोपले होते, मला सांगता येणार नाही. बारा मिनिटांत घरी पोचलो. ओळखपत्र कुणी मागितलं नाही आणि त्यांनीही दाखवलं नाही.

गावाला बसमधली गोष्ट आमच्याआधीच पोचली होती. महिनाभर हेरोनिमोच्या बारमध्ये काका आले की कुणीतरी उठून आपले खिसे चाचपायचं. काकांनी बार बदलला.

नाताळानंतर आमच्या कॅफेतली स्वयंपाकाची बाई सोडून गेली. मी मावशीला विचारलं. नवऱ्याला विचारून सांगते, असं म्हणेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "किती वाजता यायचं?" आता ती सकाळी माझ्याबरोबर पायी येते, गुडघ्यामुळं तिला पंधरा मिनिटं लागतात, आणि बटाट्याचं ऑम्लेट असं करते की वैमानिक पुड्या बांधून नेतात. तिथल्या पोरी तिला "बॉस" म्हणतात. तिला ते आवडतं.

पहिल्या आठवड्यात घरी ती काकांसाठी मसूर शिजवून जायची. दुसऱ्या आठवड्यात तिनं ते बंद केलं. काका दोन दिवस पाव आणि सार्डिन खाऊन राहिले. तिसऱ्या दिवशी, दुपारी दीडला, मी मान वर केली तर विमानतळाच्या दारातून काका आत येत होते. अंगावर घरातला स्वेटर, पायांत सपाता. प्रवाशांची रांग होती. ते रांगेत उभे राहिले. गल्ल्यापाशी आल्यावर त्यांनी बशीतल्या ऑम्लेटकडं पाहिलं, मग मावशीकडं.

"बटाटे कच्चे दिसतायत," ते म्हणाले.

"मग घरी जा आणि शिजव," मावशी म्हणाली, आणि बशी मागं ओढू लागली.

काकांनी बशी सोडली नाही.